एका चिठ्ठीचा पदच्छेद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले सर या शाळेत विज्ञान शिकवीत असत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला पाचारण करताना संस्थेच्या मनात संतवाङ्मय किंवा बडोद्याचे मराठी ग्रंथकार असा एखादा विषय असावा. मी चिटणीसांना कळविले की विषय विज्ञानाचाच घेईन, पद्धत मात्र माझी राहील. पद्धत म्हणजे आम्हां भाषेच्या शिक्षकांना येते तेवढीच: पदच्छेद करावा, व्युत्पत्ती पाहावी, अन्वय लावावा.

ज्या मजकुराचा पदच्छेद करणार तो एका काचेच्या कुपीवरच्या चिठ्ठीचा आहे. माझी नात बाहेरगावी एका प्रयोगशाळेत मेंदूवर संशोधन करते. तिची आई या शाळेत शिकली. ती स्वतः इंग्रजी माध्यमात. गेल्या उन्हाळ्यात ती घरी आली असता मी विचारले, तू दिवसभर काय करतेस ते मला मराठीत सांग. ती हसून म्हणाली, "आजोबा, ते मराठीत सांगताच येणार नाही." चाळीस वर्षे मराठी शिकविलेल्या माणसाला हे वाक्य किती लागते हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको. मी तिच्याकडून एका कुपीवरच्या चिठ्ठीचे छायाचित्र आणि सोबतच्या माहितीपत्रकाची प्रत मागवून घेतली आणि सुटीभर त्यावर बसलो. चिठ्ठीवर होते: 'रिकॉम्बिनंट माऊस ट्रॅक-बी एफसी कायमेरा, कॅरिअर-फ्री'. आत शंभर मायक्रोग्रॅम पांढुरके काहीतरी, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. डोळ्यांना कुपी जवळपास रिकामीच दिसते.

पहिले पद 'रिकॉम्बिनंट'. याला मराठीत सर्रास 'पुनर्संयोजित' लिहितात. ते संधिनियमाला सोडून आहे. पुढे 'स' आला की रेफ टिकत नाही, विसर्गच राहतो, म्हणून 'पुनःसंयोजित'. हे केवळ व्याकरणाचे खुसपट नव्हे. नवा शब्द घडविताना पहिल्याच दिवशी तो वाकडा घडला की पुढच्या पिढ्या वाकडाच वापरतात. आपल्या बडोद्यात १९३१ साली 'श्री सयाजीशासन शब्दकल्पतरु' निघाला. इंग्रजी संज्ञेसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली अशा भाषांतले पर्याय मांडून राज्यकारभाराची परिभाषा ठरविणारे ते काम. तिथे शब्द घाईने पाडलेला नाही, तोलून घेतलेला आहे.

अर्थ असा की एका प्राण्याच्या जनुकाचा तुकडा घेऊन तो दुसऱ्या पेशीत बसवायचा आणि तिच्याकडून हवे ते प्रथिन करवून घ्यायचे. जिवाणूंमध्ये हे प्रथम साधले १९७३ साली, अमेरिकेत, स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांना. या नावाचा आणखी एक शास्त्रज्ञ पुढे येणार आहे, तो निराळा. विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत घोटाळा करू नये. आपल्यापैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या परिचयाचे मानवी इन्सुलिन १९८२ साली याच रीतीने औषध म्हणून मान्य झाले. आमच्या कुपीतले प्रथिन मात्र इन्सुलिनपेक्षा पुष्कळ मोठे आहे, त्यावर शर्करेच्या साखळ्या चढवाव्या लागतात आणि ते काम जिवाणूला जमत नाही. म्हणून ते सस्तन प्राण्यांच्या पेशींत करवितात: कधी उंदराच्या एका रक्तपेशी-कर्करोगापासून चालत आलेल्या पेशींत, कधी चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून १९५० नंतरच्या दशकात घेतलेल्या पेशींच्या वंशात. ती हॅमस्टर केव्हाच मेली. तिच्या पेशी टाक्यांमधून वाढतच आहेत.

दुसरे पद 'माऊस'. इथे आपली भाषा जरा अडखळते, ते शेवटी सांगेन. प्रश्न असा की उंदीरच का? माझा समज होता की स्वस्त म्हणून. ते आहेच, पण मुख्य कारण नातीने सांगितले. प्रयोग उंदरावर करायचा तर प्रथिनही उंदराचेच असावे, म्हणजे त्याच्या शरीराला परके वाटणार नाही. शिवाय या कथेतला मुख्य संदेश, ज्याला 'बीडीएनएफ' म्हणतात, तो एकशे एकोणीस अमिनो आम्लांचा आहे आणि उंदीर, डुक्कर व माणूस यांच्यात त्यातले एकही अक्षर बदललेले नाही. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या दोन हस्तलिखितांत पाठभेद सापडतात. इथे कोट्यवधी वर्षांच्या नकलांत पाठभेद नाही! पाठचिकित्सेचा नियम सांगतो की जिथे नक्कलकार चुकत नाही तिथे मजकूर अत्यंत मोलाचा मानलेला असतो. निसर्गात चुका होतात. पण इथे चुकणारी प्रत पुढे टिकलीच नसावी, असा त्याचा अर्थ.

आता तिसरे पद, 'ट्रॅक-बी'. खरी गोष्ट इथे आहे, म्हणून थोडा अधिक वेळ घेतो.

पेशीला बाहेरचे काही 'कळते' कसे, हा प्रश्न जुना. १९०५ साली केंब्रिजच्या लँग्ले यांनी कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन आणि क्युरारे ही दोन द्रव्ये वापरून पाहिली. स्नायूला जाणारा चेतातंतू झिजून गेला असला तरी निकोटिनने स्नायू आकसे, आणि क्युरारे ते थांबवी. तेव्हा त्यांनी अनुमान काढले की स्नायूतच काही 'ग्रहण करणारे द्रव्य' असले पाहिजे. जर्मनीत पॉल एर्लिक यांनी त्याच सुमारास 'रिसेप्टर' हा शब्द रूढ केला. मराठीत याला 'ग्राहक' म्हणावे तर दुकान आठवते. म्हणून मी 'ग्राही' म्हणतो. ग्राही म्हणजे पेशीच्या कातडीत रोवलेले असे प्रथिन, ज्याचे एक टोक बाहेर आणि दुसरे आत. बाहेरच्या टोकाला नेमका एकच संदेश बसतो. आतले टोक तो पेशीला कळविते.

मेंदूच्या संदर्भात संदेश कोणता हे ग्राहीच्या आधी सापडले, आणि ते शोधले एका इटालियन बाईंनी. रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी, जन्म १९०९, गाव ट्यूरिन. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनी ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठाबाहेर काढले. त्यांनी निजण्याच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रे केली, कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांवर काम केले आणि प्रयोग संपल्यावर उरलेले अंडे घरच्यांच्या पोटात गेले. बाँबवर्षाव सुरू झाला तेव्हा खेड्यात जाऊन हेच. युद्धानंतर व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी त्यांना अमेरिकेत सेंट लुईसला बोलावले. १९४७ साली त्या गेल्या. तिथे कळले होते की उंदराची एक कर्कगाठ कोंबडीच्या भ्रूणात रुजविली तर भ्रूणाचे चेतातंतू तिच्याकडे धाव घेतात. १९५२ साली गाठ असलेले दोन उंदीर विमानातून सोबत घेऊन त्या रिओ दे जानेरोला गेल्या, कारण काचपात्रात पेशी वाढविण्याची विद्या तिथे होती. गाठीचा तुकडा आणि चेतापेशींचा पुंजका शेजारी ठेवताच पुंजक्याभोवती तंतूंचे प्रभामंडळ उमटले. गाठीतून काहीतरी पाझरत होते.

ते 'काहीतरी' कोणते, हे काढायला आलेले रसायनज्ञ म्हणजे दुसरे स्टॅन्ली कोहेन. द्रव्य प्रथिन आहे की न्यूक्लिक आम्ल, हे ठरविण्यासाठी त्यांनी त्यात सर्पविषातले एक विकर घातले. न्यूक्लिक आम्ल असेल तर ते नष्ट होऊन परिणाम थांबायला हवा. झाले उलटेच; प्रभामंडळ दुणावले. विषातच ते द्रव्य भरपूर होते! मग त्यांनी असा विचार केला की सापाची विषग्रंथी ही एका अर्थी लाळग्रंथीच. तर उंदराच्या लाळग्रंथीत पाहावे. नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत ते विपुल सापडले. हाच 'चेतावर्धक घटक'. या दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हॅम्बर्गर यांना त्यात वाटा मिळाला नाही, ते मला योग्य वाटत नाही. निमंत्रण देणाऱ्या गुरूचे नाव वगळण्याची ही रीत आपल्याकडेही आहे.

त्याचे धाकटे भावंड म्हणजे बीडीएनएफ. ते १९८२ साली जर्मनीत बार्ड, एडगर आणि थोनेन यांनी डुकराच्या मेंदूतून शुद्ध केले: दीड किलो मेंदूतून सुमारे एक मायक्रोग्रॅम. ही संख्या आणि आमच्या कुपीतले शंभर मायक्रोग्रॅम शेजारी ठेवून पाहा, म्हणजे 'पुनःसंयोजित' या पहिल्या पदाने काय केले ते ध्यानात येईल. चिठ्ठीवर उंदराचे नाव असले तरी या कुपीसाठी उंदीर मारलेला नाही. पुढच्या प्रयोगांत मात्र मारावे लागतात. मुलांनी विचारण्याआधी मीच सांगून टाकतो. माझी नातही ते लपवीत नाही, आणि तिला ते आवडत नाही हेही मला ठाऊक आहे.

बीडीएनएफचा ग्राही तो हा ट्रॅक-बी. नावाची व्युत्पत्ती गमतीची आहे. १९८६ साली मोठ्या आतड्याच्या एका कर्करोगात एक विकृत जनुक सापडले, ज्यात स्नायूतील 'ट्रोपोमायोसिन' या प्रथिनाचा तुकडा एका अनोळखी ग्राहीच्या तुकड्याला चिकटला होता. त्या अपघातावरून घराण्याचे नाव पडले, 'ट्रोपोमायोसिन रिसेप्टर कायनेज'. निरोगी ग्राहीत ट्रोपोमायोसिन औषधालाही नसते. पण 'तेल' हा शब्द तिळावरून आला आणि आपण खोबरेल तेल बिनदिक्कत म्हणतो, तसेच हे. घराण्यातला 'बी' हा भाऊ १९८९ साली उंदरातच सापडला, आणि तो बीडीएनएफचा ग्राही आहे हे १९९१ मध्ये ठरले. १९९३ साली ज्या उंदरांत हा ग्राही कामच करणार नाही अशी पिल्ले निपजविली, ती बहुतेक जन्मानंतर काही दिवसांतच दगावली. ती दूध पीत नसत.

काम कसे चालते? बीडीएनएफचा रेणू मुळातच जोडीने असतो. तो दोन ग्राहींना जवळ आणतो. मग त्यांची पेशीच्या आतली टोके एकमेकांवर फॉस्फेट चढवितात, आणि तिथून निरोप आत जातो: जग, वाढ, हा जोड पक्का कर.

आता 'एफसी' आणि 'कायमेरा' ही दोन पदे एकत्र घेऊ. कायमेरा हा ग्रीक पुराणातला सिंह, बकरी आणि साप यांचा एकदेही प्राणी. आपल्याला नरसिंह आणि गडांच्या दरवाजांवरचा शरभ परिचित आहेत. मी साधा शब्द वापरतो, 'जोडप्रथिन'. आणि एफसी म्हणजे प्रतिपिंडाची शेपटी. इंग्लंडात रॉडनी पोर्टर यांनी १९५९ च्या सुमारास पपईच्या चिकातील विकराने सशाच्या प्रतिपिंडाचे तुकडे केले. त्यांतल्या एकाचे आपोआप स्फटिक झाले, म्हणून त्याचे नाव 'स्फटिक होणारा तुकडा', त्याची आद्याक्षरे एफसी. मांस शिजवताना आपल्या बायका कच्ची पपई घालतात तीच ही करामत. आमच्या कुपीत उंदराच्या ग्राहीचा बाहेरचा भाग, सुमारे चारशे अमिनो आम्लांचा, माणसाच्या प्रतिपिंडाच्या शेपटीला जोडलेला आहे. शेपटीमुळे दोन रेणू जोडीने राहतात, लवकर मोडत नाहीत आणि शुद्ध करताना धरायला मूठ मिळते.

आता लक्षात घ्या. ग्राहीचा बाहेरचा भाग तेवढा घेतला. आतला घेतलाच नाही, पेशीही नाही. घर पाडावे आणि दारावरची टपालपेटी काढून चौकात ठेवावी तसे. टपालवाला पत्र टाकतो. वाचणारे कोणी नाही. पेशींच्या सान्निध्यात हे प्रथिन सोडले की ते आसपासचे बीडीएनएफ पकडून बसते, आणि पेशीच्या खऱ्या ग्राहीला निरोप पोहोचत नाही. माझ्या नातीला हेच हवे असते. निरोप नाहीसा केल्यावर काय बिघडते हे पाहिले की निरोपाचे काम काय ते कळते. १९९६ साली अशाच जोडप्रथिनाने रॅटच्या मेंदूच्या कापांतला बीडीएनएफ अडविला, तेव्हा हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात चेतापेशींचे जोड बळकट होण्याची क्रिया मंदावली.

याच युक्तीची औषधेही आहेत. संधिवातावरचे इटॅनरसेप्ट, १९९८ साली अमेरिकेत मान्य झालेले, हे एका ग्राहीला प्रतिपिंडाची शेपटी लावूनच केलेले. वार्धक्यात डोळ्याचा पडदा खराब होतो तेव्हा डोळ्यात टोचतात ते अफ्लिबरसेप्ट, २०११ चे, तेही याच घराण्यातले. माझ्या उजव्या डोळ्यात ते आजवर सहा वेळा टोचले गेले. चिठ्ठीचा पदच्छेद करीपर्यंत माझ्या डोळ्यात टपालपेटी घालतात हे मला ठाऊक नव्हते.

डोळ्याचा विषय निघाला म्हणून सरांची एक आठवण. १९६१ सालची गोष्ट. आमच्या वर्गातला एक मुलगा, चेंडू झेलताना नेहमी हुकणारा. सरांनी एक दिवस त्याच्या डाव्या डोळ्यावर पोस्टकार्ड धरले आणि फळा वाचायला सांगितला. त्याला काहीच वाचता येईना. आम्ही हसलो, सर हसले नाहीत. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते स्वतः त्याला आणि त्याच्या वडिलांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात दोष फार नाही, पण बालपणी मेंदूने तो डोळा वापरलाच नाही. पाच वर्षांपूर्वी आणायला हवा होता. आता उपयोग नाही. सरांनी पुढच्या जूनपासून पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे एकेक डोळा झाकून वाचन घ्यायला सुरुवात केली आणि निवृत्त होईपर्यंत ते चालविले. मुळाक्षरे न येणाऱ्यांसाठी त्यांनी हत्ती, छत्री, कप अशी चित्रे काढून ठेवली होती. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी ती छत्री ओळखली असेल.

पाच वर्षांपूर्वी आणि आता यांत फरक काय, हे त्या वेळी डॉक्टरांनाही सांगता आले नसते. १९६३ साली ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लांवर दाखविले की लहानपणी एक डोळा बंद राहिला तर मेंदूतल्या पेशी त्याच्याकडे पाठ फिरवितात, आणि तो काळ गेल्यावर डोळा उघडूनही फायदा नाही. मेंदूच्या दृष्टिक्षेत्रात दोन डोळ्यांसाठी आळीपाळीने पट्टे असतात. ते त्या कोवळ्या काळात आखले जातात. मग कार्ला शॅट्झ यांच्या प्रयोगशाळेने १९९५ आणि १९९७ साली दोन कामे प्रसिद्ध केली. पहिल्यात पिल्लांच्या दृष्टिक्षेत्रात बाहेरून बीडीएनएफ ओतले. पट्टे आखले गेले नाहीत. दुसऱ्यात ट्रॅक-बीचे जोडप्रथिन, म्हणजे थेट आमच्या कुपीच्या जातीचे, घालून आतले बीडीएनएफ आणि त्याचे भावंड काढून घेतले. तरीही पट्टे आखले गेले नाहीत. अती झाले तरी नाही, उणे झाले तरी नाही. दोन्ही डोळ्यांचे तंतू बहुधा याच तुटपुंज्या खुराकासाठी झगडतात, आणि त्या झगड्यातून ज्याची त्याची जागा ठरते, असा त्याचा अर्थ लावतात. खुराक मुबलक असेल तर झगडा नाही, मुळीच नसेल तर झगडायला बळ नाही.

इथे आम्हां साहित्यवाल्यांना मोह होतो. मातृभाषा, बालपण, कोवळा काळ, ग्राही नसलेला संदेश... रूपक तयारच आहे. मी ते करणार नाही. मांजराच्या पिल्लाच्या दृष्टिक्षेत्रावरून मराठी माध्यमाचा प्रश्न सुटत नाही. शाळेच्या पहिलीच्या वर्गात यंदा बाके रिकामी आहेत, ती का रिकामी आहेत याची कारणे पालकांच्या मनात आणि नोकऱ्यांच्या बाजारात आहेत, रेणूंत नाहीत. मला एवढेच दाखवायचे होते की नातीचे वाक्य खरे नव्हते. तिचे काम मराठीत सांगता येते. वेळ लागतो, आणि सांगणाऱ्याला आधी समजून घ्यावे लागते.

शेवटचे पद 'कॅरिअर-फ्री'. प्रथिन इतके अल्प असते की ते कुपीच्या भिंतीलाच चिकटून संपते. म्हणून पुष्कळदा त्यात गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन मुद्दाम मिसळतात. ते भिंतीला चिकटते आणि मोलाचे प्रथिन वाचते. त्या अल्ब्युमिनला कॅरिअर म्हणतात. पण जिवंत पेशींवर काम करताना हा आगंतुक नको असतो, म्हणून त्याविना केलेली कुपी वेगळी मिळते. माहितीपत्रकात पुढे आहे की कुपी अतिशीत ठेवावी, एकदा विरघळवून वाटून घ्यावी, पुन्हापुन्हा गोठवू-वितळवू नये, आणि हे केवळ संशोधनासाठी, माणसाला देण्यासाठी नव्हे.

नातीने मला एक गोष्ट आणखी शिकविली. ती एका पात्रात हे जोडप्रथिन घालते तेव्हा शेजारच्या पात्रात नुसती शेपटी, ग्राहीशिवाय, तेवढ्याच मापाने घालते. परिणाम ग्राहीचा की शेपटीचा, हे त्याविना कळत नाही. कित्येक समीक्षालेखांना असे शेजारचे पात्र असते तर बरे झाले असते, असे मला वाटून गेले.

माहितीपत्रकाचा पूर्ण मराठी तर्जुमा मी आज शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. नातीने तो वाचून अकरा ठिकाणी दुरुस्त केला आहे. दोन शब्दांपुढे प्रश्नचिन्ह आहे. 'कॅरिअर'ला 'वाहक' म्हणवत नाही, कारण ते काही वाहून नेत नाही. मी 'सोबती' सुचविला, तिला तो फारसा रुचला नाही. दुसरा 'रॅट'. माऊस आणि रॅट दोघांनाही आपण उंदीर म्हणतो, घूस म्हणावे तर तो प्राणीच निराळा, आणि प्रयोगशाळेत हा गोंधळ चालत नाही. कोणाच्या आजोळी, कोणाच्या गावी त्याला वेगळा शब्द असेल तर सांगावा. ग्रंथपालांच्या टेबलावर आजपासून एक वही ठेवली आहे. शब्द लिहावा आणि शेजारी गावाचे नावही लिहावे.